चाचीचं तिकीट

रोह्यात चार वर्षं मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो ते चाचा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. पण ही बातमी त्यांच्या अंगाला कोणी कळवलेली नव्हती. गल्लीत वळायचं असलं की त्यांचा उजवा हात आपोआप बाहेर यायचा. पुढ्यात म्हैस आली की ते तोंडानं हॉर्न द्यायचे, आणि तो असा सणसणीत की म्हैस तर बाजूला व्हायचीच, पण कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठावर एखादा डंपरही दचकून साइड द्यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं त्या म्हशीला विचारावं.

रोहा-पेण आणि पेण-रोहा, या एका रस्त्यावर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या मते पृथ्वी गोल नव्हतीच. ती लांबट होती. एका टोकाला रोहा, दुसऱ्या टोकाला पेण, आणि मधे चहासाठी नागोठणं. मी धाटावच्या एका कारखान्यात कामाला लागलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी आधी गाव विचारलं. मी पेण सांगितलं.

"पेणात कुठं?"

"गणपतीचे कारखाने आहेत ना, त्यातला एक आमचा."

"मग तू लहानपणी माझ्या गाडीत ओकलेला असणार," चाचा म्हणाले. "तुमच्या आळीतली सगळी पोरं ओकलीत. खोली देतो. पण वर एक भाडेकरू आधीपासून हाय. त्याला तरास द्यायचा नाय."

मी वर जाऊन पाहिलं. खोली रिकामी. मग चाचांनी बोट वर केलं. उत्तरेच्या भिंतीला, कौलांच्या अगदी लगत एक फळी, आणि फळीवर हिरव्या मखमली जुजदानात, म्हणजे बासनात, बांधलेलं कुराण शरीफ. फळीवर दुसरं काही नाही. सुईसुद्धा नाही.

त्याचं असं झालं होतं. पूर्वी घर एकमजली होतं आणि कुराण खालच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर. मग माडी चढवली. पहिल्याच दिवशी गवंडी वरून चालत गेला आणि खाली चाचांच्या काळजात धस्स झालं: कुराण शरीफच्या डोक्यावरून माणूस चालतोय! ते तसेच मशिदीत मौलानांकडे गेले. मौलाना समजूतदार माणूस. ते म्हणाले, "अहो चाचा, शहरात मजल्यावर मजले असतात. स्वच्छ जागा, उंच जागा, बस झालं. एवढं काही नाही."

चाचा म्हणाले, "मौलाना, तुम्ही नियम सांगितला. बरोबर हाय. पण बोर्डावर चाळीस लिहिलेलं असतं तिथं मी तीसनं चालवतो."

म्हणून कुराण माडीवर आलं, माडी मला भाड्यानं मिळाली, आणि पहाटेची, फजरची नमाज झाली की रोज चाचा माझ्या खोलीत वाचायला येऊ लागले. भाडं माझं, खोली त्यांची, अशी ही व्यवस्था.

माझ्या झोपण्याचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. पाय फळीकडे करायचे नाहीत, म्हणजे उत्तर गेली. पश्चिमेला किबला, नमाजची दिशा, म्हणजे तीही गेली. दक्षिणेला पाय करायचे नाहीत ही माझ्या आईची पेणहून निघताना दिलेली ताकीद. उरली पूर्व. पूर्वेला दार. मी चार वर्षं दार उघडं ठेवून, पाय जिन्यात लोंबते सोडून झोपलो. शेजारच्या मांजरीनं माझ्या पायांवर तीन वेळा पिल्लं वाढवली. कारखान्यात लोक विचारायचे, डोळे का सुजलेत? मी काय सांगणार? चारी दिशा वाटून झाल्यात आणि माझ्या वाट्याला जिना आलाय?

पण खरी गंमत चाचांच्या उतरण्यात होती. वाचून झालं की कुराणाकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा आणखी एक स्वतःचा कायदा. जिना उभा, लाकडी, शिडीचा थोरला भाऊ. चाचा तो उलटा उतरायचे. मी आधी खाली जाऊन उभा राहायचं आणि आवाज द्यायचा.

"येऊ द्या… येऊ द्या… डावीकडं जरा… येऊ द्या…"

"मागं काय हाय?"

"काही नाही, मांजर आहे."

"मांजर म्हणजे काही नाय? हटव तिला!"

शेवटच्या पायरीवर मी भिंतीवर थाप मारायची, मग गाडी लागली असं समजायचं. हे ऐकून मौलाना एकदा स्वतः घरी आले आणि म्हणाले, "चाचा, असं कुठंही सांगितलेलं नाही. पडलात तर हाड मोडेल." चाचा म्हणाले, "रिव्हर्समधे मी आजवर कुणाला धक्का दिलेला नाय."

आता या वाचनाचं कारण सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

कुराण चाचीचं होतं. चाची मी पाहिली नाही. मी यायच्या आधीच वर्षभर ती गेली. रोज सकाळी वाचायची. तीस पारे, म्हणजे कुराणाचे तीस भाग, संपले की पुन्हा पहिल्यापासून, अशी किती आवर्तनं केली ते तिलाच ठाऊक. शिवण सुटलेलं पान ती स्वतः खळ करून पातळ कागदाच्या पट्टीनं चिकटवायची. चाचा लहानपणी अक्षरं शिकले होते, वाचता यायचं, पण अर्थाचा पत्ता नाही. चाची त्यांना म्हणायची, "सारी जिंदगी रोहा-पेण केलात. हे तीस पारे एकदा समजून करा." चाचा म्हणायचे, "रिटायर झालो की करतो." ते रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात चाची गेली.

जुजदान उघडलं की आत, वीस-बावीस पारे उलटल्यावर कुठंतरी, एसटीचं जुनं गुलाबी तिकीट. रोहा ते पेण.

त्या तिकिटाची कथा चाचांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी त्या गाडीत होतो असं आता मलाच वाटतं. लग्नाला दोन महिने झाले होते. चाची माहेरी पेणला निघाली आणि नवऱ्याच्या गाडीत हक्कानं पहिल्या सीटवर बसली. चाचांनी मान न वळवता, समोर बघत आरोळी ठोकली, "कंडक्टर, पहिल्या सीटवर बाईमाणूस बसलंय. तिकीट झालं का?" अख्खी गाडी हसली. चाचीनं तिकीट काढलं. पेण येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, पेणहून आल्यावरही आठवडाभर बोलली नाही, आणि ते तिकीट तिनं घरातल्या अशा एका जागी ठेवलं जिथून फेकून द्यायची चाचांची छाती झाली नसती. कुराणात, खुणेला. पुढं सारी वर्षं ती रोज चाचांच्या डोळ्यांदेखत ते तिकीट एक पान पुढं सरकवत राहिली.

"बघ कशी बाई होती," चाचा म्हणायचे. "रोज सकाळी मला तिकीट दाखवायची."

ती गेली तेव्हा तिकीट जिथं होतं तिथं तिची गाडी उभी होती. चाचांना तिथपर्यंत पोचायचं होतं, आणि तिथून पुढची तिची राहिलेली फेरी तिच्या नावानं पुरी करायची होती. तीही तिनं सांगितली तशी, समजून.

"मग सरळ तिकिटापासूनच सुरू करा की," मी पहिल्या आठवड्यात म्हणालो. मला झोप हवी होती.

"मधल्या थांब्यावर चढणारा ड्रायव्हर बघितलास कधी? डेपोतनं निघायला लागतं."

अर्थासाठी त्यांनी मराठी भाषांतराचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. ते उघडलं की चाचांचा चेहरा खिंडीत गिअर अडकल्यासारखा व्हायचा. भाषांतर अस्सल ग्रंथी मराठीतलं. "ह्यो 'सर्वसाक्षी' कोण? आणि 'तद्वत' म्हणजे काय रे? हे कुठल्या गावचं मराठी?" मग मी मराठीचं मराठीत भाषांतर करून द्यायचो. त्यांनी अरबीतून एक आयत वाचायची, मी समोर बसून ग्रंथातला अर्थ वाचायचा, मग तो रोह्याच्या भाषेत सोडवून सांगायचा. चाचांची मान हलली की मी पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर नखानं दोनदा टकटक करायची. डबल बेल. त्याशिवाय गाडी हलत नसे. अशा रीतीनं मी, पेणच्या मूर्तिकाराचा मुलगा, कुराणाच्या गाडीवर कंडक्टर लागलो.

त्यासाठी मला रोज हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुवावे लागत. मी म्हटलं, "चाचा, मी तर नुसतं मराठी पुस्तक धरतो. मौलाना म्हणाले की त्याला चालतं."

"चालतं! टायर गुळगुळीत झाला तरी गाडी चालते. म्हणून आपण चालवायची?"

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा गणपतीच्या सोंडेवरून ब्रश न उचलता म्हणाले, "व्हय का? आमच्या कारखान्यात चप्पल घालून शिरायचास. त्या माणसाला माझा नमस्कार सांग." आई म्हणाली, "गो बाई, कोणीतरी धुतला एकदाचा!"

चाचांचं अरबी वाचन मोठं बघण्यासारखं होतं. कुराणात ओळींच्या वर बारीक अक्षरांच्या खुणा असतात: कुठं थांबायचं, कुठं नाही. चाचांना त्या खुणांइतकं जगात काहीच चांगलं कळत नव्हतं. "ह्यो बारका मीम दिसतो ना, ह्यो डेपो. थांबायलाच पायजे. जीम म्हणजे विनंती थांबा. थांबलास तरी चालेल, नाय थांबलास तरी चालेल. आणि ह्यो लाम-अलिफ, हितं ब्रेकवर पायच ठेवायचा नाय." वाचताना त्यांचा उजवा पाय मांडीखाली खरोखर हलायचा. वळणावर अंग झुकायचं. दिवसाला चार आयती, फार तर पाच. एवढ्या वेगानं तर मुंगी पेणला जाऊन परत आली असती. मी म्हणायचो, "चाचा, थोडं दाबा." ते म्हणायचे, "अदब हाय. रेस नाय." मौलानाही सगळ्यांना चाचांचं उदाहरण द्यायचे: वाचावं तर असं, सावकाश, एकेक अक्षर.

त्यांची एक वही होती, ड्रायव्हरच्या लॉगशीटसारखी रेघा मारलेली. सुटली किती वाजता, कुठून कुठवर, आणि शेवटचा रकाना 'बिघाड'. जे कळलं नाही ते बिघाडात. शुक्रवारी, जुम्म्याला, ती वही घेऊन चाचा मौलानांना गाठत. नूह पैगंबरांच्या नावेत जोडी जोडीनं जनावरं चढली हे वाचलं त्या आठवड्यात बिघाड असा होता: 'वाघ आणि बकरी जवळजवळ बसवली की लांब? चढताना रांग कोणी लावली?' मौलाना म्हणाले, "चाचा, हा प्रश्न माझ्या उस्तादांनीही कधी विचारला नव्हता." चाचांनी ही शाबासकी समजून वहीत लिहून ठेवली. पुढं पुढं जुम्म्याची नमाज संपली की मौलाना मागच्या दारानं जातात अशी वदंता होती. ती मीच उठवलेली, पण खरी होती.

वाचलेलं मात्र ते अंगावर घ्यायचे. एके सकाळी एका शहाण्या बापाचा मुलाला केलेला उपदेश आला. चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव, अशा अर्थाचा. मी सांगून पेल्यावर टकटक करणार तर चाचांनी हात वर केला. म्हणाले, "चाल मध्यम, ते मला येतं. आवाजाचं बघतो." तीन दिवस चाचा कुजबुजत बोलले. सारा रोहा हादरला. लोक फळं घेऊन भेटायला आले. तिसऱ्या दिवशी गल्लीत तीच म्हैस समोर आली, चाचांनी हळूच, अदबीनं हॉर्न दिला, आणि म्हैस त्यांना सरळ भिंतीशी दाबून पुढं गेली. त्यानंतर त्यांनी वहीत लिहिलं: 'आवाज खाली ठेवणे. माणसांशी. म्हशीचं मौलानांना विचारणे.'

आणखी एक खोड होती. रस्त्यात अरबी लिपीतला कागद दिसला की उचलायचा, कपाळाला लावायचा आणि घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचा. मजकूर कळत नसेल, पण त्यात अल्लाचं नाव असलं तर? लग्नपत्रिका, कॅलेंडर, खजुराच्या खोक्याची झाकणं. असे कागद साठले की स्वच्छ फडक्यात बांधून कबरस्तानाच्या कोपऱ्यात, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरायचे ही रीत, आणि ती ते पाळायचे. एकदा आखातातून आलेल्या पुतण्यानं ट्रंक चाळली. त्यातलं एक चकाकतं लेबल चाचांनी सहा वर्षं जपलं होतं. पुतण्यानं वाचून सांगितलं, "चाचा, हे शांपूचं आहे. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवावे."

चाचा जरासुद्धा ओशाळले नाहीत. "मग बरोबरच सांगितलंय ना? ठेव परत."

आता माझा गुन्हा.

तिसऱ्या वर्षीचा श्रावण. जुम्म्याचा दिवस, चाचा नमाजला गेलेले, मी शिफ्ट करून येऊन जिन्यात पाय सोडून पडलो होतो. सकाळी वांदरांनी कौलांवर धुमाकूळ घातला होता. दुपारी जोराची सर आली आणि टप्प करून आवाज झाला. वर पाहतो तर कौल सरकलेलं, आणि धार फळीपासून चार बोटांवर.

दुसरा कोणी असता तर उडी मारून कुराण उचललं असतं. पण मी चाचांच्या हाताखाली तीन वर्षं काढलेला माणूस. धार फळीकडे सरकतेय आणि मी मोरीत हात धुतोय! तोंड, नाक, चेहरा. कोपरापर्यंत, आधी उजवा मग डावा. पाय. मग स्टुलावर चढलो, कुराण दोन्ही हातांनी उचललं, आणि एवढं धुतल्यावर जे व्हायचं तेच झालं. हात ओले. मखमल निसटायला लागली. मी छातीशी गच्च धरलं, पडू दिलं नाही, एक थेंब लागू दिला नाही. पण जुजदानाची गाठ सुटली, पानं फडफडली, आणि गुलाबी तिकीट गिरक्या घेत खाली आलं.

तीन वर्षं ज्या तिकिटाकडे चाचा चालले होते ते माझ्या पायाशी पडलं होतं, आणि ते कुठल्या पानातलं हे सांगणारं माणूस कबरस्तानात होतं.

मला अरबी येत नाही. तिकीट पुस्तकाच्या एका टोकापासून पाव जाडीवर डोकावायचं एवढंच डोळ्यांसमोर होतं. आधी तर मी ते चुकीच्या बाजूनं ठेवलं. हे पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणजे मी चाचीला एकदम सहा-सात पाऱ्यांवर आणून सोडलं होतं. मग बाजू बदलली. आता नेमकं कुठं? मनात म्हटलं, चुकायचंच आहे तर पुढं चुकावं. बिचारी थोडं जास्त वाचून गेली असं झालं तर कुणाचं काय बिघडतं? अशा उदार विचारानं मी माझ्या पदरचे दोन-तीन पारे चाचीला बहाल केले, तिकीट खुपसलं, गाठ बांधली. चाचा आले तेव्हा कुराण सुक्या कोपऱ्यात स्टुलावर, स्टूल माझ्या ट्रंकेवर, आणि मी शेजारी उभा.

"धुतलंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"कोपरापर्यंत."

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत एकदाच ठेवला, आणि तो नेमका त्या दिवशी. मला सांगायला तोंड राहिलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी आरोपीसारखा बसायचो. पारे एकेक करून मागं पडत होते. मी समोर मराठी पुस्तक घेऊन बसलेला, त्यांचं पान मला दिसायचं नाही. एक दिवस मधेच चाचा थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, "पाणी दे." मी पेला दिला. ते प्यायले, पेला माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "वाजव." मी टकटक केली. पान उलटलं. मला वाटलं, वयाचं असेल.

इकडे पेणला माझं लग्न ठरलं. कारखान्याची नोकरी सोडून डोलवीला कंपनीत लागायचं आणि घरी राहायचं हेही ठरलं. लग्नाला पंधरा दिवस उरले आणि गाडी तिकिटावर आली.

त्या सकाळी चाचांनी नवा सदरा घातला होता. मी चार वेळा हात धुतले होते. त्यांनी पान उलटलं, आणि आत तिकीट. त्यांनी ते दोन बोटांत उचललं आणि उजेडाला धरलं.

"आलं तिकीट," ते म्हणाले.

मग माझ्यानं राहवलं नाही. वांदरं, कौल, धार, कोपर, मखमल, सगळं एका दमात ओकलो. लहानपणी त्यांच्या गाडीत ओकलो असेन तसाच. "चाचा, चाचीचं पान मला माहीत नाही. मी अंदाजानं ठेवलं. तुमची चार वर्षांची मेहनत मी मातीत घातली."

"झालं?"

"झालं."

"वही काढ. मागच्या रमजानच्या आधीची पानं."

मी काढली. एका सकाळपुढं त्यांच्या गचाळ अक्षरात लिहिलं होतं: 'पारा बावीस. विनंती थांबा. गाडी थांबवली नाही.' बिघाडाचा रकाना रिकामा.

"ते तिकीट गुलाबी हाय," चाचा म्हणाले. "पावसाळ्याच्या ओलीनं त्याचा रंग त्या पानाला लागलेला. चौकोनी डाग. मला काय दिसत नाय?"

पाणी मागितलं ती सकाळ मला आठवली.

"मग बोलला का नाही तुम्ही?"

चाचा आवाज खाली ठेवून बोलू लागले. त्या कुजबुजीच्या तीन दिवसांनंतर पहिल्यांदाच.

"मी हळू का चालवत होतो, सांगू? तुम्हाला सगळ्यांना वाटलं अदब. मौलानापण फसला. अरे, तिकीट आलं की तिचं संपलं. तिथवर मी तिच्या मागनं चाललेलो. तिनं हात लावलेलं पान, तिनं चिकटवलेली पट्टी. तिथनं पुढं मी एकटा. पोचायचंच नव्हतं मला. तिकीट त्या पानावर असतं ना, तर ते पान मी उलटलं नसतं. आज पण तिथंच बसलेला असतो इंजिन चालू ठेवून." त्यांनी तिकीट उलटसुलट केलं. "पण त्या दिवशी बघतो तर नुसता डाग. तिकीट नाय. मी म्हटलं, बाई उतरली नाय. पुढं गेली. मग काय, मी पण गेलो."

मी पेल्याकडे बघत बसलो. आणि मग अचानक तोच जुना हॉर्न वाजला. कौलं थरथरली.

"पण तीन पारे! माझ्या बायकोला तू तीन पारे विनातिकीट नेलंस? जिला मी सख्खा नवरा असून नागोठण्यापर्यंत फुकट नेली नाय, तिला? चेकर चढला असता तर?"

"चाचा, चुकलं…"

"दंड! हे तीन पारे परत वाचायचे. तिच्या नावानं, रीतसर. आणि तुझी सुटका नाय. लगीन कर, डोलवीला जा, कुठं पण जा. सुट्टी असंल त्या रविवारी पहिल्या गाडीनं यायचं. कंडक्टरनं मधेच गाडी सोडलेली चालत नाय."

लग्न झालं. चाचा पेणला मांडवात आले तेव्हा बाबांशी दोन तास बोलत बसले. कोण किती काटेकोर यावर त्यांची जुंपली होती, आणि दोघंही हरायला तयार नव्हते. त्यानंतर दीड वर्ष मी सुट्टीच्या रविवारी रोह्याला जात राहिलो, आणि आता चाचा एका बैठकीत तीस-चाळीस आयती चालवत. बायको आधी चिडली. मग एकदा बरोबर आली, चाचांना जिना उलटा उतरवला, आणि नंतर स्वतःच मला उठवू लागली. माडी चाचांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. विचारणाऱ्याला सांगत, "एकदा भाडेकरू ठेवलेला. त्यानं तिकीट हलवलं."

शेवटचा पारा म्हणजे छोट्या छोट्या सुरा, छोटे छोटे अध्याय, गाव जवळ आल्यावर थांबे येतात तशा लागोलाग. एका रविवारी सकाळी शेवटची संपली. मी अर्थ सांगितला. चाचांनी डोळे मिटून चाचीच्या नावानं दुवा मागितली. मी मराठी पुस्तक मिटलं, पाय मोकळे केले आणि खाली बायकोनं चढवलेल्या शिऱ्याच्या वासाकडे तोंड करून उठलो.

"उतरतोस कुठं?"

"संपलं ना, चाचा?"

"बस खाली. रीत हाय. हे संपलं म्हणून मिटायचं नाय. लगेच पहिलं पान काढायचं, थोडं तरी वाचायचं. परतीची फेरी लावूनच ठेवायची."

त्यांनी सगळी पानं एका हातानं अलगद तोलून उलटली. चाचीच्या पट्ट्या एकामागून एक दिसून गेल्या, मधे कुठंतरी तो गुलाबी चौकोनही असेल. पहिलं पान आलं. त्यांनी कुराण ठेवायच्या लाकडी रेहलीजवळचं तिकीट उचललं, सरळ केलं आणि त्या पानात ठेवलं.

मग त्यांनी चष्मा नीट केला, मांडीखालचा पाय जागेवर घेतला, आणि मान न वळवता, समोर बघत म्हणाले,

"कंडक्टर, पहिल्या सीटवर बाईमाणूस बसलंय. तिकीट झालं का?"

"झालंय, चाचा," मी म्हणालो, आणि पेल्यावर दोनदा वाजवलं.